पाळण्यात काय घालावं, काय काढावं

 

मागच्या हिवाळ्यात आमच्या गटातल्या एका बाईच्या घरी नातवाचं बारसं होतं. आम्ही सगळ्या गेलो. पाळणा बघून डोळे निवले. चारी बाजूंनी जाड, फुगीर गादीची किनार, तिला झालरी. आत मऊमऊ गादी, मोहरी भरलेली छोटी उशी, दोन्हीकडे दोन लोड, कोपऱ्यात कापसाचं अस्वल. आजीने तेंदूच्या हंगामात कमावलेले पैसे साठवून शहरातून हा सगळा संच मागवला होता.

तेवढ्यात आशाताई आल्या. बाळाला बघितलं, हात धुतले, वजन केलं. मग एक शब्द न बोलता त्यांनी पाळण्यातला एकेक नग बाहेर काढायला सुरुवात केली. आजीचा चेहरा उतरला. "काऊन काढता जी? माझ्या पैशाची वस्तू वाईट आहे का?"

आशाताई म्हणाल्या, "वस्तू वाईट नाही माय. जागा वाईट आहे."

त्या दिवशी आजी रुसली आणि आमच्यातही दोन तट पडले. निम्म्या म्हणाल्या, आपल्या आयाबायांनी पिढ्यानपिढ्या पोरं वाढवली, तेव्हा कोण सांगायला आलं होतं? निम्म्या म्हणाल्या, तेव्हा किती पोरं जात होती तेही सांगा. त्यातूनच ठरलं की पाळण्याचा इतिहास एकदा नीट बघायचा. आपल्या जिल्ह्यातला बघायचा आणि दूरदेशीचाही बघायचा. आजची गोष्ट त्याचीच आहे.

सुरुवात आपल्या घरातून करू. जुन्या काळी बाळासाठी वेगळी खोली नव्हती, ती आजही कुठे आहे? पण बाळाचा संसार होता. माहेरहून बाळंतविडा यायचा. त्यात टोपडं, कुंची, झबली, लंगोट आणि दुपटी. पाळणा बुरडाने बांबूचा विणलेला किंवा सुताराने लाकडाचा केलेला. ज्या घरी तोही नसे, तिथे लुगड्याची झोळी आढ्याला बांधायची. पाळण्यावर चिमणाळं टांगायचं. रंगीत कापडाच्या चिमण्या वाऱ्याने हलायच्या आणि बाळ बघत राहायचं.

या प्रत्येक गोष्टीमागे काहीतरी कारण होतं. दुपटं जुन्या लुगड्याचं, कारण धुऊनधुऊन ते सुती कापड मऊ आणि पातळ झालेलं असतं. ते लवकर वाळतं, त्यातून हवा जाते आणि बाळाच्या अंगाला टोचत नाही. झोळीत वरच्या बाजूला आडवी काठी घालायची, कारण काठी नसली तर कापड दोन्हीकडून मिटतं आणि बाळाच्या तोंडावर येतं. आणि चिमणाळं नेहमी वर. शोभा सगळी बाळाच्या डोळ्यांसमोर असायची, त्याच्या नाकातोंडाजवळ काही नसायचं.

हे ऐकून आमच्यातल्या एकीने लगेच म्हटलं, "बघा, आपलं जुनंच बरं होतं." थांबा बायांनो. अर्धीच गोष्ट झाली आहे.

बाळ पाळण्यात यायच्या आधी ते कुठे असायचं, ते आठवा. बाळंतपण घरी व्हायचं, घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. वार पडेपर्यंत सगळ्यांचं लक्ष मायकडे. वार अडकली तर माय जाते, ही भीती खरी होती. पण तेवढा वेळ बाळ कुठे? पुष्कळ घरी ते ओल्या अंगाने जमिनीवर, नाहीतर एखाद्या फडक्यावर पडून असायचं. मग त्याला लगेच आंघोळ. पौष महिन्यात, जंगलाच्या कडेच्या गावात, कुडाच्या घरात हे कसं होत असेल याचा विचार करा. नऊ महिने मायच्या पोटातल्या उबेत राहिलेला जीव एकदम गारठ्यात यायचा.

ओलं अंग वाऱ्यावर लवकर गार पडतं, हे आपल्याला नदीवरून येताना कळतं. बाळाचं तर अंग लहान आणि अंगावर चरबी थोडी. कमी वजनाचं असेल तर ती आणखीच थोडी. ते मोठ्या माणसासारखं कुडकुडून ऊब तयार करू शकत नाही. ते नुसतं सुस्त होतं, पाय गार पडतात, दूध ओढत नाही. बघणाऱ्याला वाटतं, किती शांत बाळ आहे. मग एका सकाळी ते उठत नाही. घरचे म्हणायचे, बाहेरची बाधा झाली, सटवाईने लिहिलंच एवढं होतं.

आणि ते मरण कुठे लिहिलं जात नव्हतं. नाव ठेवलं नाही, बारसं झालं नाही, मग नोंद कशाची? मायच्या मनात तेवढं राहायचं.

आपला गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्यानंतर चारच वर्षांनी, १९८६ मध्ये, डॉक्टर राणी बंग आणि डॉक्टर अभय बंग इथे आले आणि त्यांनी 'सर्च' ही संस्था काढली. शोधग्राम तुमच्यापैकी पुष्कळजणींनी बघितलं असेल. १९८८ पासून त्यांनी लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम सुरू केलं. न्यूमोनिया ओळखायला बाळाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतलं बाळ एका मिनिटात ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल तर धोका. पण ज्या दाईला साठपर्यंत मोजता येत नाही, तिने काय करायचं? तिच्यासाठी मणी लावलेलं एक साधं यंत्र केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपायच्या आत लाल मण्यावर पोहोचलं तर बाळाला न्यूमोनिया आहे असं समजायचं. अक्षर न येणारी बाईही ते बिनचूक करू लागली.

मग पुढचा प्रश्न आला तो जन्मल्यापासून २८ दिवसांच्या आतल्या बाळांचा. १९९३ पासून गावागावांत जन्म आणि मृत्यू मोजले गेले. मोजल्यावर जे दिसलं ते हादरवणारं होतं. जिवंत जन्मलेल्या दर १००० बाळांपैकी ६२ बाळं पहिल्या महिन्यातच जात होती. १९९५ मध्ये ३९ गावांत काम सुरू झालं. गावातल्याच थोडं शिकलेल्या बाया निवडल्या आणि त्यांना शिकवलं. त्यांना नाव मिळालं आरोग्यदूत. बाळंतपणाला दाईसोबत हजर राहायचं, नंतर महिनाभर घरी पुन्हापुन्हा जायचं. सोबत वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ. वजन केलं तेव्हा कळलं की दर १०० बाळांपैकी सुमारे ४२ बाळं अडीच किलोपेक्षा कमी वजनाची जन्मत होती.

त्यांच्या पिशवीत आणखी एक वस्तू होती, आणि आजच्या विषयाला तीच महत्त्वाची आहे. बाळाला ठेवायची उबदार कापडी पिशवी. लहान, गार पडणाऱ्या बाळाला कोरडं करून, टोपडं घालून त्या पिशवीत ठेवायचं. अंग झाकलेलं, तोंड मोकळं. तिच्यावर ना फूल, ना झालर. पण आमच्या मते आपल्या जिल्ह्यातल्या बाळाच्या अंथरुणाच्या इतिहासात इतकी महत्त्वाची वस्तू दुसरी नाही.

नुसत्या पिशवीने सगळं झालं असं आम्ही म्हणत नाही. आरोग्यदूत जन्मताच न रडणाऱ्या बाळाला श्वास देत होत्या, लवकर अंगावर पाजायला लावत होत्या, जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला औषध आणि इंजेक्शन देत होत्या. सगळं मिळून फरक पडला. १९९७-९८ पर्यंत त्या ३९ गावांत हजारी ६२ चा आकडा २५ च्या आसपास आला. ज्या गावांत हे काम नव्हतं त्यांच्याशी ताडून पाहिलं तर घट सुमारे ६२ टक्के होती. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि जगाने वाचलं. २००१ मध्ये महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवरचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल निघाला आणि न मोजलेल्या मरणांची गोष्ट राज्यभर पोहोचली. २०११ पासून आशाताईंनी नवजात बाळाच्या घरी जायचं, हे सगळ्या देशात सरकारी काम झालं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, आणि घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा. म्हणजे त्या बारशाला आशाताईंनी पाळण्याला हात घातला, त्या हाताची सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या बायांपासून झाली होती.

आता तुम्ही विचाराल, बाळाला ऊब हवी, मग आजीची जाड गादी आणि लोड का काढले? याचं उत्तर शोधायला दूर अमेरिकेत जावं लागतं, कारण बाजारातला हा संच तिकडूनच फिरत आपल्याकडे आला आहे.

तिकडे बाळाला लाकडी गजांच्या पलंगात वेगळं निजवतात. पूर्वी त्या गजांमधलं अंतर जास्त असायचं. बाळ सरकायचं, अंग बाहेर जायचं आणि डोकं अडकायचं. त्यात बाळं दगावत. म्हणून गजांना आतून जाड कापडी किनार बांधायची चाल पडली. कारण चांगलं होतं. पुढे सरकारनेच नियम केला. १९७४ पासून गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त ठेवायला बंदी आली. आता डोकं बाहेर जाणं शक्य नाही. म्हणजे किनारीचं काम संपलं.

पण किनार गेली नाही. ती शोभेची वस्तू झाली. रंग जुळवून संच निघाले. किनार, गादी, रजई, उशी, सगळं एका रंगाचं. बाळाची खोली सजवायची म्हटलं की हा संच आलाच. दुकानात बघितलं की मायला वाटायचं, हे घेतलं नाही तर आपण बाळाची काळजी घेत नाही.

२००७ मध्ये ब्रॅडली थॅक या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी तपासल्या. १९८५ ते २००५ या काळात त्या किनारीमुळे गुदमरून किंवा तिच्या दोऱ्या गळ्यात अडकून २७ बाळं दगावल्याचं त्यांना आढळलं. बाळ सरकतं, तोंड त्या फुगीर कापडात रुततं. मान उचलून बाजूला घ्यायची ताकद त्याला नसते. स्वतःच सोडलेला श्वास ते पुन्हा ओढत राहतं. आवाज होत नाही, रडणं होत नाही. २०११ मध्ये शिकागो शहराने या किनारीच्या विक्रीवर बंदी आणली, मग एकेका राज्याने, आणि अखेर २०२२ मध्ये सगळ्या अमेरिकेत बंदीचा कायदा झाला. १९७४ मध्ये जिचं काम संपलं होतं ती वस्तू बाजारातून जायला ४८ वर्षं लागली.

तिकडची आणखी एक चूक आपल्या कामाची आहे. तिकडचे डॉक्टर कित्येक वर्षं सांगत होते की बाळाला पोटावर पालथं निजवा. सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता, पण चुकीचा. १९९२ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तो फिरवला आणि बाळाला उताणं निजवायला सांगितलं. १९९४ पासून घरोघर प्रचार झाला आणि झोपेत अचानक जाणाऱ्या बाळांची संख्या पुढच्या काही वर्षांत निम्म्यावर आली. आपल्याकडे पाळण्यात बाळ उताणंच निजवायची चाल आहे. ती सोडू नका.

चांगलं उदाहरणही एक सांगतो. फिनलंड हा बर्फाचा देश. तिथे १९३८ पासून गरीब मायला सरकार बाळंतविडा देऊ लागलं, आणि १९४९ पासून सगळ्याच मायांना. अट एकच, गरोदरपणात वेळेवर तपासणी करून घ्यायची. पुठ्ठ्याच्या पेटीत बाळाचे कपडे असतात आणि तळाला एक पातळ, घट्ट गादी असते. कपडे काढून घेतले की पेटी हाच बाळाचा बिछाना. आपल्या माहेरच्या बाळंतविड्याची ही सरकारी बहीणच म्हणा ना.

आणि कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये डॉक्टर एडगार रे यांनी काय केलं तेही ऐका. कमी दिवसांची बाळं खूप आणि ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या कमी. त्यांनी बाळाला मायच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवायला सुरुवात केली. मायच्या अंगाची ऊब बाळाला पुरते. आज आपल्या दवाखान्यातही हे शिकवतात, त्याला कांगारू पद्धत म्हणतात. कमी वजनाच्या बाळासाठी जगातला सगळ्यात चांगला बिछाना फुकट आहे, आणि तो प्रत्येक मायजवळ आहे.

आता सगळे धागे एकत्र बांधू. कारण संपलं तरी चाल राहते, हे अमेरिकेत झालं आणि आपल्याकडेही होतं. म्हणून पाळण्यातल्या प्रत्येक वस्तूला एक प्रश्न विचारायचा: बाई गं, तुझं काम काय?

मोहरीची उशी म्हणते, मी डोकं गोल करते. पण बाळाचं डोकं वाढता वाढता बहुतेक आपोआप आकार घेतं, आणि उशीने मान पुढे वाकली तर श्वासाची वाट दबते. वर्षभर तरी उशी नको. लोड म्हणतात, आम्ही बाळाला पडू देत नाही. पडण्याची भीती असेल तर बिछाना जमिनीवर घाला. कापसाचं अस्वल म्हणतं, मी सोबतीला आहे. ते जागेपणी खेळायला द्यावं. फुगीर रजई म्हणते, मी ऊब देते. ऊब अंगातल्या कपड्यांनी द्यावी. थंडीत झबली एकावर एक घाला, टोपडं आणि मोजे घाला, दुपट्यात काखेपर्यंत नीट गुंडाळा, पण चेहऱ्यावर पांघरूण नको. अति गुंडाळणंही नको. बाळाच्या छातीला हात लावून बघा. घाम असेल तर एक कपडा कमी करा, पोट आणि पाय गार असतील तर बाळाला छातीशी धरा आणि आशाताईंना बोलवा.

गोधडी म्हणते, मी सपाट आहे, घट्ट आहे, धुता येते. तिला ठेवा. दोन-तीन पदरी, न फुगलेली, सुरकुती न पडणारी.

झोळीचं काय? झोळी मोडा असं आम्ही म्हणत नाही. शेतावर, मोह वेचायला गेलं तर बाळ ठेवायचं कुठे? पण काठी घालूनच बांधा, बाळाची हनुवटी छातीला टेकत नाही ना ते बघत राहा, आणि लहान भावंडांना झोळीत खेळू, पीळ देऊ नका. पिळात मान अडकते. डोळा झोळीवर हवा आणि घरी आलं की बाळाला सपाट जागी निजवावं.

आणि एक गोष्ट मोकळेपणी बोलू. आपल्याकडे बाळ मायजवळ निजतं. त्यात पाजायला सोपं आणि माया आहे. तरी मायच्या शेजारी बाळाची वेगळी गोधडी घातली तर जास्त बरं. दोन मोठ्या माणसांच्या मध्ये बाळ नको. घरात कोणी दारू प्यालेलं असेल तर त्या माणसाच्या अंथरुणात बाळ कधीच नको. नशेतल्या माणसाला कुशीखाली काय आलं ते कळत नाही. बिडीचा आणि चुलीचा धूरही बाळाच्या झोपायच्या जागेपासून दूर ठेवा. आणि जन्मल्यावर पहिलं काम म्हणजे बाळाला कोरडं पुसणं आणि मायच्या छातीशी ठेवणं. आंघोळ निदान एक दिवस तरी नको.

आता बारशाच्या घरी परत जाऊ. आजी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा ती किनारीची शिवण उसवत बसली होती. आतला कापूस तिने स्वतःच्या उशीत भरला. झालरीच्या कापडाच्या चिमण्या कापल्या, शिवल्या आणि पाळण्याच्या वर, बाळाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगल्या. खाली पातळ गोधडी आणि तिच्यावर नातू उताणा, हातपाय उडवत वर बघत होता. आजी म्हणाली, "पैसा वाया नाही गेला. खालचा वर गेला."

मग तिने आम्हाला एक सांगितलं, जे तिच्या सुनेलाही माहीत नव्हतं. तिचं पहिलं लेकरू अकराव्या दिवशी गेलं होतं. थंडीचे दिवस होते. "फार शांत होतं," म्हणाली. एवढंच म्हणाली. आम्ही कोणीच काही बोललो नाही. तिने नातवासाठी एवढी जाड गादी का मागवली होती, ते तेव्हा आम्हाला समजलं.

त्या महिन्याच्या बैठकीत आमच्या गटाने ठराव केला. गावात कोणीही बाई गरोदर असली की सातव्या महिन्यात गटाकडून तिला बाळंतविडा द्यायचा. जुन्या धुतलेल्या सुती लुगड्यांची चार दुपटी, दोन टोपडी, दोन झबली, एक पातळ गोधडी आणि कापडी चिमण्यांचं चिमणाळं. शिलाई मशीन गटाचं, लुगडी घरोघरची, खर्च दोऱ्याचा. उशी नाही, लोड नाही. पहिलं दुपटं आजीनेच शिवलं.

तुमच्या गटातही एकदा हा विषय काढा. गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा, तुमची किती झाली आणि किती राहिली. त्या सांगतील. जी लेकरं कुठल्याच कागदावर लिहिली गेली नाहीत, त्यांची आठवण ठेवणाऱ्या आता त्याच उरल्या आहेत.

भेटू पुढच्या वेळी. बाळं उबेत राहोत. रामराम.